एकतीस नंबर

तीस फिल्म गप्प राहिल्या.
काही कांद्याच्या पापुद्र्यासारख्या सुटून आल्या,
सतरावीला तडे गेले, उन्हाळ्यात कृष्णेचा गाळ तडकतो तसे,
बाकीच्या दिसायला चांगल्या होत्या.
दिसायला.

झिंक ऑक्साइड, तीन मायक्रॉन.
आईला सांगताना मी म्हणायचे, केसाचा विसावा भाग.
आई म्हणायची, मग एवढी वर्षं कशाला लागतात गं?

विजेने डिवचलं की अंग चोरते,
अंगाला धक्का लागला की विजेचा थेंब देते.
एवढाच तिचा स्वभाव. तो जागा व्हावा म्हणून
निर्वात पेटीत जांभळट उजेडाखाली रात्र रात्र थर चढवायचा,
आणि मार्केट यार्डाकडून वारा सुटला
की खिडक्यांच्या फटींना टेप लावत फिरायचं.
हळदीचा एक कण म्हणजे आमच्या फिल्मवर डोंगर.

एकतिसावी थेट पोलादावर वाढवली.
ठोकळा कुपवाडच्या भंगारातला,
कुठल्याशा कारखान्याच्या शाफ्टचा तुकडा,
दहा मिलिमीटर जाड, आरशासारखा घासलेला.

रात्री पावणेदहाला स्पंद सोडला.
स्क्रीनवर, तीन पूर्णांक चार मायक्रोसेकंदांवर,
एक टेकाड उभं राहिलं.
तळाला शिवून परत आलेला आवाज,
माणसाच्या कानासाठी नसलेला.
मी खुर्चीवरून उठले. कुणाला सांगायचं कळेना, परत बसले.

आणि मग दिसलं, अलीकडे,
एक पूर्णांक नऊवर, आणखी एक. बारकं.
जिथे काहीच नसायला हवं तिथे.

केबल बदलली. अर्थिंग तपासलं. गेन चढवला, उतरवला.
उसना आणलेला जाडजूड प्रोब लावला,
त्याला नुसता तळ दिसला.
शेडबाळे सर म्हणाले, फिल्मच सदोष आहे, त्रिशला,
बत्तिसावी घे करायला.
मी वहीत लिहिलं: संशयास्पद.
लिहिताना पेन अडलं, शाई होती तरी.

भूपालमामा मगदूम आमच्या पंपाचं तेल बदलतात.
तरुणपणी हरिपूरच्या पेवांवर हमाली केलेली.
चहा ठेवून स्क्रीनसमोर उभे राहिले.
"ह्ये काय?"
मारलेली हाक परत येते ती.
"आन् ह्ये बारकं?"
ते चुकीचं आहे.
"आसं कसं आसंल?
पेवात उतरायच्या आधी आमी तोंडाशी वाकून हाक द्यायचो.
आत माल किती, पेव सांगायचं.
ऐकण्यात आमी चुकायचो, बाई. पेव न्हाई चुकायचं."

लोखंड उघडून बघायचं तर फिल्म मरणार.
बोललेली एकुलती एक.
नऊ दिवस तो ठोकळा मी कापसात गुंडाळून ठेवला,
आणि नऊ दिवस ते बारकं टेकाड
त्याच जागी, तेवढंच, आग्रहाने.

दहाव्या दिवशी वर्कशॉपात शिकंजा आवळला.
करवत मामांनी धरली, मी पाहिलं नाही.
मग पॉलिश पेपरवर, पाण्याखाली, कण कण घासत आत.
दुपार गेली. बोटं काळी झाली.
साडेपाच मिलिमीटर खोल, भिंगाखाली,
एक पोकळी, खसखशीच्या दाण्याहून लहान.
ओतताना अडकलेला कुणाचा तरी श्वास,
शाफ्ट फिरत राहिला तेवढी वर्षं आतच.

बारीक ऐकायचं तर बारीक व्हावं लागतं,
हे मी प्रबंधात लिहिणार नाही.
तिथे आलेख येईल, आणि खाली एक ओळ:
नमुना क्रमांक एकतीस, पुढील चाचणीसाठी उपलब्ध नाही.
'संशयास्पद'वर काट मारली. खाली शब्द अजून वाचता येतो.

अर्धा तुकडा माझ्या टेबलावर कागद दाबतो.
अर्धा मामांनी खिशात घालून नेला.
कशाला, ते विचारायचं राहिलं.
दुसऱ्या दिवशी बत्तिसाव्यासाठी पंप लावला,
तेव्हा ते पंपाला कान लावून उभे होते,
आणि मला हाताने म्हणाले, थांब.